दहा गिगाबिट दारापर्यंत आले, पुढच्या शंभर मीटरचे काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील एका विद्यापीठाच्या परिसरात इंटरनेटची जोडणी एक गिगाबिटवरून दहा गिगाबिटवर नेली जाणार असून सर्व विभाग आणि वसतिगृहे वाय-फायच्या कक्षेत आणली जाणार आहेत, ही बातमी आपल्या दैनिकात वाचली. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात १९९४ ते २०२३ अशी एकोणतीस वर्षे नोकरी केल्यामुळे अशी बातमी मी जरा वेगळ्या नजरेने वाचतो. आमच्याकडेही या काळात नेटवर्कचे नूतनीकरण तीन वेळा झाले, तिन्ही वेळा फीत कापली गेली आणि तिन्ही वेळा दोन-अडीच वर्षांत ‘सर, नेट चालत नाही’ हे विद्यार्थ्यांचे वाक्य जसेच्या तसे परत आले. ते का परत येते, याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे. माझ्या विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही. निवृत्त माणसाने जुन्या कचेरीच्या नावाने बोटे मोडावीत असा या पत्राचा हेतू नाही. शिवाय इतर विद्यापीठांतले समव्यवसायी भेटले की त्यांच्या कहाण्यांत नाव तेवढे वेगळे असते, बाकी सगळे तेच.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे की बाहेरून विद्यापीठापर्यंत इंटरनेट आणण्याचे काम या देशात चांगले झाले आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट हे शैक्षणिक जाळे विणायला घेतले, तेव्हा त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) अशा मोजक्याच संस्था होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. विद्यापीठांची ग्रंथालये जोडण्यासाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली १९९१ मध्ये सुरू झालेला इन्फ्लिबनेट प्रकल्प पाच वर्षांनी स्वतंत्र संस्था झाला आणि आज देशभरातल्या संशोधन नियतकालिकांची व्यवस्था तोच पाहतो. पुढे माहिती-संचार तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याच्या २००९ च्या राष्ट्रीय अभियानातून विद्यापीठांना एक गिगाबिटची जोडणी देण्याचे ठरले आणि मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी दिली. आमच्याकडची पहिली लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली कायमची जोडणी, ६४ किलोबिटची होती. साऱ्या आवाराचा ई-मेल तिच्यावर चालत असे आणि शोधनिबंध उतरवून घेण्यासाठी रात्री दहानंतर केंद्रात येणारे संशोधक विद्यार्थी सोबत डबा घेऊन येत. एक गिगाबिटची जोडणी त्या लाइनच्या पंधरा हजार पटींहूनही अधिक वेगाची आहे.

एवढा रुंद झालेला रस्ता विद्यापीठाच्या फाटकापर्यंत सुखरूप येतो आणि अडतो तो फाटकाच्या आत. वाचकांना कल्पना यावी म्हणून वाट सांगतो. संगणक केंद्रातल्या मुख्य स्विचपासून, म्हणजे अनेक जोडण्या एकत्र आणणाऱ्या यंत्रापासून, जमिनीखालच्या चरातून फायबर (काचेच्या धाग्यांची केबल) निघते, विभागाच्या इमारतीत बहुधा जिन्याखालच्या कपाटात येते, तेथल्या छोट्या स्विचला जोडली जाते, तेथून तांब्याची केबल मजल्यामजल्यावर चढते आणि शेवटी भिंतीतल्या सॉकेटला किंवा छताला लावलेल्या, वाय-फाय पुरवणाऱ्या ॲक्सेस पॉइंटला पोचते. या साखळीतली सर्वांत अशक्त कडी जेवढा वेग पेलते तेवढाच वेग विद्यार्थ्याला मिळतो, मग फाटकावर दहा गिगाबिट असोत की शंभर. आमच्या एका जुन्या विज्ञान विभागात तळमजल्यावरचा स्विच २०१९ पर्यंत शंभर मेगाबिटचा होता. त्याच्यामागे दोन प्रयोगशाळा, ग्रंथालयाचा कोपरा आणि वीस-पंचवीस प्राध्यापकांच्या खोल्या होत्या. दुपारी दोनशे जण एकाच वेळी काही उतरवू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिट. तक्रार मात्र दरवेळी ‘इंटरनेट स्लो आहे, लाइन वाढवा’ अशीच लिहून येई आणि आम्ही लाइन वाढवण्याचा प्रस्ताव करत असू, कारण त्या प्रस्तावाला मंजुरी लवकर मिळते.

फायबरचीही एक गोम आहे, ती खरेदी समितीतल्या सदस्यांना ठाऊक असतेच असे नाही. २००० नंतरच्या दशकात आवाराआवारांतून जी फायबर पुरली गेली, तिच्यात ६२.५ मायक्रॉन गाभ्याची मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याची आणि जवळच्या अंतरासाठीची, फायबर बरीच होती. त्या वेळी ती योग्यच होती, कारण तिच्यावर एक गिगाबिटचा वेग सव्वादोनशे ते पावणेतीनशे मीटरपर्यंत जातो आणि पुष्कळशा इमारती तेवढ्या टप्प्यात बसत. पण त्याच फायबरवर दहा गिगाबिटचा वेग, टोकाला बसवायच्या नेहमीच्या प्रकाश-मॉड्यूलने, जेमतेम ३३ मीटर जातो. म्हणजे संगणक केंद्राच्या भिंतीपलीकडे फार तर सायकल स्टँडपर्यंत. आमच्याकडे दुसऱ्या नूतनीकरणात दहा गिगाबिटचा मुख्य स्विच थाटात आला, पूजा झाली, नारळ फुटला आणि नंतर लक्षात आले की वसतिगृहांकडे जाणारी फायबर जुनी मल्टिमोड असल्याने तो स्विच एका गिगाबिटवरच चालवावा लागणार आहे. पुढची चार वर्षे तो तसाच चालला. बारीक गाभ्याच्या सिंगलमोड फायबरवर दहा गिगाबिट दहा किलोमीटर सहज जातात आणि तिची किंमत मल्टिमोडपेक्षा जास्त नसते. खर्च असतो तो चर खणण्याचा, पाइप टाकण्याचा आणि रस्ता पुन्हा बुजवण्याचा. तो खर्च निविदेत सर्वांत शेवटच्या पानावर असतो आणि रक्कम बसेना झाली की सर्वांत आधी तोच कापला जातो, कारण जमिनीखालच्या पाइपाचे छायाचित्र कोणी छापत नाही.

उलट जे बदलण्याची गरज नसते ते हौसेने बदलले जाते, हेही सांगितले पाहिजे. इमारतींच्या आतली कॅट-५ई प्रकारची जुनी तांब्याची केबल सरसकट काढून टाकण्याचा सल्ला विक्रेते देतात. केबल धड असेल, जोडण्या नीट असतील तर २०१६ मध्ये आलेल्या प्रमाणकानुसार तिच्यावर शंभर मीटरपर्यंत अडीच गिगाबिट चालू शकतात आणि वर्गातल्या ॲक्सेस पॉइंटला तेवढे पुष्कळ झाले. आधी प्रत्येक केबल तपासून घ्यावी, मग ठरवावे. ही तपासणी करणारे यंत्र आमच्या केंद्रात होते. ते चालवणारा कर्मचारी निवृत्त झाल्यावर त्याची बॅटरी फुगून ते कपाटात पडले.

विजेचा विषय संगणकवाल्यांचा नव्हे असे मानले जाते आणि तेथेच निम्मी उपकरणे मरतात. जिन्याखालच्या कपाटातल्या स्विचला युपीएस असतो, पण त्या युपीएसच्या बॅटऱ्यांचे आयुष्य तीन ते पाच वर्षे असते आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर संगणक केंद्र आणि विद्युत विभाग यांच्यात टिपण्या फिरत राहतात. पाचव्या वर्षी वीज गेली की त्या इमारतीतले नेटवर्क त्याच क्षणी जाते, जनित्र सुरू झाले तरी स्विच पुन्हा उभा राहायला काही मिनिटे घेतो, आणि ऑनलाइन परीक्षा चालू असेल तर तेवढी मिनिटे पुरेशी असतात. दुसरी गोष्ट अर्थिंगची. दोन इमारतींच्या मध्ये कोणी घाईने फायबरऐवजी तांब्याची केबल टाकली असेल तर मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात तिची परीक्षा होते. जवळपास वीज कडाडली की दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जळतात. मी एका उन्हाळ्यात असे अकरा पोर्ट गेलेले पाहिले आहेत, आणि त्या वर्षीच्या अहवालात त्यांची नोंद ‘नैसर्गिक आपत्ती’ अशी झाली.

पण या सगळ्यापेक्षा मोठी उणीव मला वाटते ती नकाशाची. कोणत्या इमारतीकडे कोणत्या रस्त्याच्या कडेने, किती खोलीवर, किती धाग्यांची फायबर गेली आहे, मध्ये जोड कोठे आहेत, कोणते धागे मोकळे आहेत, याची कागदावर उतरवलेली आणि दर बदलागणिक सुधारलेली नोंद मी माझ्या नोकरीत एकदाही पूर्ण पाहिली नाही. ती होती एका कंत्राटी तंत्रज्ञाच्या डोक्यात. बागेसाठी नळ टाकायला किंवा गटार उकरायला जेसीबी आला आणि फायबर तुटली की त्याला फोन जायचा. तो सायकलवरून यायचा, गुलमोहराच्या बुंध्यापासून पावले मोजायचा आणि बरोबर जागा दाखवायचा. कंत्राट बदलले, नव्या कंपनीने त्याला कमी पगार देऊ केला, तो एका खाजगी केबलवाल्याकडे निघून गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुटलेला एक जोड शोधायला आम्हांला नऊ दिवस लागले आणि नऊ दिवस तीन विभाग अंधारात होते. नकाशा करणे म्हणजे काही रॉकेट उडवणे नव्हे. आवाराची मोजणी स्थापत्य विभागाकडे असते, भूगोल विभागातले विद्यार्थी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करणे, शिकत असतात, एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे काम होऊ शकते. आमच्याकडे एकदा ते अर्धे झालेही होते. विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि फाइल त्यांच्याबरोबर गेली.

वसतिगृहांतल्या वाय-फायविषयी बातमीत ॲक्सेस पॉइंटची संख्या मोठ्या अक्षरांत दिली आहे. संख्येवरून काही ठरत नाही. जुन्या वसतिगृहांच्या दगडी किंवा जाड विटांच्या भिंतींतून लहरी नीट जात नाहीत, म्हणून व्हरांड्यात बसवलेल्या यंत्राचा उपयोग व्हरांड्यात बसणाऱ्यांनाच होतो आणि परीक्षेच्या दिवसांत मुले खरोखरच रात्री बारा वाजता व्हरांड्यात ओळीने बसलेली दिसतात. मग प्रत्येक खोली स्वतःचा राऊटर आणते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत, १, ६ आणि ११. एका मजल्यावर तीस राऊटर लागले म्हणजे तीस माणसे तीन माइकांवरून एकदम बोलू लागल्यासारखे होते. त्यात एखाद्याने राऊटरची केबल चुकीच्या भोकात घातली, की तो घरगुती राऊटर सगळ्या वसतिगृहाला आपल्या मनाने पत्ते वाटू लागतो आणि दोनशे मुलांचे नेट एकाच वेळी बंद पडते. दोष त्या मुलाचा म्हणून त्याला रेक्टरांपुढे उभे केले जाते. वास्तविक असा आगंतुक राऊटर ओळखून त्याला गप्प करण्याची सोय चांगल्या स्विचमध्ये असते आणि आमच्या स्विचमध्येही ती होती. किंमत मोजलेली ती सोय सुरू करायचे प्रशिक्षण कोणाला दिलेले नसल्याने ती सहा वर्षे बंद राहिली, इतकेच.

येथे कोणी विचारील की आता प्रत्येक मुलाच्या खिशात फोर-जी, फाइव्ह-जीचा मोबाइल असताना विद्यापीठाने एवढा खटाटोप करावाच कशाला. हा प्रश्न अधिसभेतही विचारला गेलेला मी ऐकला आहे. त्याचे उत्तर ग्रंथालयात मिळेल. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतले अंदाजे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक, अशी तिची व्याप्ती आहे. एवढे महागडे दालन उघडते ते संस्थेच्या जाळ्यातून आलेल्याला, किंवा संस्थेने दिलेल्या अधिकृत ओळखीने आलेल्याला. मोबाइल कंपनीच्या डेटावरून आलेल्या मुलाला प्रकाशक ओळखत नाही. तो त्याच्याकडे एका लेखाचे तीस-चाळीस डॉलर मागतो. मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या गावातून आलेली, महिन्याच्या रिचार्जचा विचार करणारी मुलगी त्या पानावरून परत फिरते आणि दालन तिच्या नावाने आधीच विकत घेऊन ठेवले आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते.

म्हणूनच नूतनीकरणात तारा-यंत्रांइतकेच महत्त्व ओळखीच्या व्यवस्थेला द्यायला हवे. आज अनेक विद्यापीठांत प्रवेशाचा एक लॉगिन, परीक्षा अर्जाचा दुसरा, ग्रंथालयाचा तिसरा, वाय-फायचा चौथा आणि ई-मेलचा पाचवा, अशी अवस्था आहे, आणि मुले साहजिकच सगळीकडे जन्मतारीख हाच पासवर्ड ठेवतात. एकदा नाव नोंदले की त्याच ओळखीने सगळी दारे उघडावीत आणि पदवी घेऊन गेल्यावर जी बंद व्हायला हवीत ती आपोआप बंद व्हावीत, अशी रचना करणे अवघड नाही. इन्फ्लिबनेटची इन्फेड नावाची सोय आहे, तिच्याशी विद्यापीठाची ओळखव्यवस्था जोडली की विद्यार्थी घरूनही नियतकालिके वाचू शकतो. एर्नेटमार्फत एज्युरोम आहे. युरोपात २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या या सोयीमुळे एका संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत गेला तरी स्वतःच्याच लॉगिनने तेथले वाय-फाय वापरू शकतो. पुण्यासारख्या शहरात, जेथे विद्यापीठाच्याच गणेशखिंडीच्या आवारात आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राचे एनसीआरए हे केंद्र शेजारी-शेजारी नांदतात, या सोयीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. या कशासाठीही नवे खणकाम लागत नाही. लागतो तो नीट ठेवलेला एक विद्यार्थी-पट आणि तो सांभाळणारी दोन माणसे.

जाता जाता ई-मेलविषयी एक सांगतो. करोनाच्या काळात पुष्कळ विद्यापीठांनी फुकट मिळणाऱ्या परदेशी सेवांवर खाती उघडली, कारण साठवणुकीला मर्यादा नव्हती. जुलै २०२२ पासून गुगलने प्रत्येक शिक्षणसंस्थेला तिच्या सर्व खात्यांसाठी मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली, तेव्हा कित्येक ठिकाणी पहिल्यांदाच कोणीतरी मोजून पाहिले की सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची किती खाती, त्यांच्या लग्नाच्या चित्रफितींसह, आपल्या नावावर चालू आहेत. फुकटच्या सेवेचा करारही वाचावा लागतो.

तंत्रज्ञान परीक्षेवर एकदम टाकले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्याने २०१७ साली पाहिले. मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात स्वीकारली, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. सगळा दोष नेटवर्कचा होता असे मी म्हणणार नाही, आणि पद्धत मुळात वाईट होती असेही नाही. पण ज्या व्यवस्थेवर इतक्या मुलांचे वर्ष अवलंबून आहे ती एका विद्याशाखेवर, एका सत्रासाठी आजमावून मगच पसरवावी, ही गोष्ट स्विच बदलतानाही तितकीच लागू पडते. आमच्या तिसऱ्या नूतनीकरणात सारे आवार एका शनिवार-रविवारी नव्या व्यवस्थेवर नेण्याचा हट्ट धरला गेला. सोमवारी पगारपत्रके अडकली आणि जुने स्विच भंगारात गेलेले असल्यामुळे मागे फिरण्याची वाटही राहिली नव्हती.

सुरक्षेविषयी थोडक्यात लिहितो, कारण हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. रात्री दोन वाजता घटना घडली तर ती पाहणारा, समजणारा आणि कळवणारा माणूस किती विद्यापीठांत नेमलेला आहे? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीखोर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे रुग्णांची नोंदणी कागदावर करावी लागली. विद्यापीठाकडे गुणपत्रिका, पदव्या, जातीचे दाखले, बँक खाती, सारे काही असते. आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती थांबली असताना प्रयोगशाळांतून आणि लेखा शाखांतून त्याच प्रणालीवरचे जुने संगणक आजही चालू आहेत. बाहेरून येणारे धोके अडवणारे नवे फायरवॉल घेतले की सुटलो, असा समज आहे. फायरवॉलची धोके ओळखण्याची वर्गणी दरवर्षी किंवा दर तीन वर्षांनी भरावी लागते. ती भरली नाही तर दारात रखवालदार उभा असतो पण त्याच्या हातातली यादी तीन वर्षे जुनी असते.

आता पैशांकडे येतो, कारण वरच्या बहुतेक गोष्टींचे मूळ तेथे आहे. पैसा मिळत नाही असे नाही. केंद्राच्या उच्च शिक्षणासाठीच्या पीएम-उषा योजनेत निवड झालेल्या विद्यापीठांना १०० कोटींपर्यंत अनुदान मंजूर झाले, विद्यापीठांचा स्वतःचा निधी असतो, आमदार-खासदारांचा निधीही अधूनमधून येतो. पण हा पैसा येतो एकरकमी आणि ठरलेल्या मुदतीत संपवायचा असतो. मार्चअखेर खरेदी उरकली जाते, पाच वर्षांचे स्विच, तीन वर्षांच्या वॉरंट्या आणि एका वर्षाची देखभाल असे काहीतरी एकमेकांशी न जुळणारे गाठोडे पदरी पडते. साधा हिशेब मांडतो. एखाद्या आवाराने पाच कोटींची उपकरणे घेतली आणि त्यांचे आयुष्य सात वर्षे धरले, तर तीच उपकरणे पुन्हा घेण्यासाठी दरवर्षी एकाहत्तर-बाहत्तर लाख रुपये बाजूला पडायला हवेत, आणि देखभाल करार, वर्गण्या, बॅटऱ्या यांचा खर्च त्याशिवाय. ज्या अर्थसंकल्पात पहिली रक्कम दिसते पण दुसरी आणि तिसरी दिसत नाही, त्या अर्थसंकल्पाने सात वर्षांनंतरचे उद्घाटन आजच नक्की केलेले असते. घरात पाण्याची टाकी बसवणारा माणूससुद्धा ती धुण्याचा विचार आधी करतो.

सर्वांत कमी दराच्या निविदेचा जाच आहेच. नियम मोडावेत असे मी सुचवत नाही; पण निविदा लिहितानाच सात वर्षांचा एकूण खर्च, सुटे भाग मिळण्याची हमी आणि दुरुस्तीला लागणाऱ्या तासांची मर्यादा घातली तर कमी दर म्हणजे नेमका किती, हे बदलते. तसे लिहायला विषय कळणारा माणूस आत असावा लागतो. संगणक केंद्रातली मंजूर पदे आकृतिबंधाच्या घोळात वर्षानुवर्षे रिकामी राहतात, काम कंत्राटी मुलांवर चालते, आणि नेटवर्क सांभाळण्याइतके शिकलेले मूल दीड-दोन वर्षांत हिंजवडीला जाते. त्यात त्याचे काही चुकत नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझा पदभार घ्यायला कायमस्वरूपी कर्मचारी कोणीच नव्हता. मुख्य स्विचचा पासवर्ड मी एका बंद लिफाफ्यात घालून कुलसचिवांच्या कार्यालयात पोचपावती घेऊन दिला.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये प्रत्येक विद्यापीठासाठी माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परीक्षा मंडळाच्या बैठकीकडे सगळ्यांचे लक्ष असते. या मंडळाची बैठक कधी झाली आणि तीत काय ठरले हे वर्तमानपत्रांतही येत नाही. ज्या विद्यापीठाच्या बातमीवरून मी हे लिहायला बसलो, तेथील अधिसभा सदस्यांना आणि आपल्या वार्ताहरांना माझी विनंती एवढीच आहे की मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या बैठकीत दहा गिगाबिटचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यासोबत तीन कागद मागावेत : जमिनीखालच्या फायबरचा प्रकार दाखवणारा नकाशा, पुढील सात वर्षांची आवर्ती तरतूद, आणि हे नेटवर्क ज्यांच्या हाती दिले जाणार आहे त्या भरलेल्या पदांची यादी. नकाशा तयार नसेल तर मी स्वखर्चाने येऊन चार दिवस आवारात फिरायला तयार आहे; गुडघे दुखतात, पण पावले मोजण्याची पद्धत मी त्या तंत्रज्ञाकडून शिकून घेतली होती.

आपला विश्वासू,
विद्यापीठाच्या संगणक केंद्रातील एक निवृत्त कर्मचारी
(नाव व पत्ता कृपया छापू नये.)